पूर्ण बाह्यांचं विमान

पाहुणा दारात आला की आधी पाणी, मग चहा, मग खुशाली, ही रीत साऱ्या मुलखात चालते. आधी विमान आणि मग उरलंसुरलं पाणी, ही रीत चालवणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात एकच आहे, आणि देवाने तो नेमका व्याही म्हणून माझ्या पदरात घातला. दुसरं कुठलंही नातं असतं तर मी निभावून नेलं असतं. मित्र असता तर फोन उचलला नसता, भाऊ असता तर भांडलो असतो, शेजारी असता तर मधे भिंत घातली असती. पण मी पडलो मुलीचा बाप. मुलीच्या सासऱ्याने चंद्रावर बिऱ्हाड करतो म्हटलं तरी मुलीच्या बापाने "वा, हवा चांगली आहे म्हणतात तिकडची" एवढंच म्हणायचं असतं.

स्थळ बघायला आम्ही तलवाड्याला गेलो तेव्हा त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली काहीतरी मोठं झाकून ठेवलेलं होतं. मला वाटलं, मळणीयंत्र. घरचं मळणीयंत्र म्हणजे माणसं खाऊनपिऊन सुखी. मी बायकोला डोळ्यानेच खुणावलं आणि सुपारी फुटली. लग्नानंतर पहिल्यांदा लेकीला आणायला गेलो तेव्हा ताडपत्री निघाली आणि खालून विमानाचा पंख निघाला. एकच. "दुसरा कुठं आहे?" मी विचारलं. "हुडकतोय," व्याही म्हणाले, आणि ते अशा निर्धाराने म्हणाले की मला त्या दिवसापासून नीट झोप नाही.

हे गृहस्थ उमेदीची सारी वर्षं हवाई दलात विमानांचे यांत्रिक होते. जमिनीवरचे. विमान उडवायचं नाही, उडण्याजोगं ठेवायचं, एवढं त्यांचं काम. निवृत्त होऊन गावी आले आणि कापूस साठवायच्या पत्र्याच्या शेडमधून कापूस बाहेर काढून त्यांनी तिथे 'विमान संग्रहालय' अशी पाटी लावली. आत तो पंख, एक पातं मोडलेला पंखा, दोन टायर, काटे अडकलेल्या घड्याळांची एक फळी आणि एक जुनं पॅराशूट. पॅराशूट बहुधा जागेवर नसे. आमच्या विहीणबाई उन्हाळ्यात त्यावर कुरडया वाळत घालत. "एवढं पांढरंशिप्पट कापड पडूनच हाय," त्या म्हणायच्या, "माणूस पडायचं तवा पडंल, कुरडया तर वाळू द्या."

नोकरी सुटली तरी व्याह्यांच्या अंगातली शिस्त काही सुटली नाही. विमान दुरुस्त करून झालं की पाने मोजायचे असतात म्हणे, कारण एखादा पाना आत राहिला तर वर गेल्यावर घात होतो. त्यामुळे आमच्या घरी जेवून उठले की ते चमचे मोजतात. एकदा एक चमचा कमी भरला, तर पानावरून उठलेल्या सगळ्या पंगतीला त्यांनी अंगणात उभं केलं. मिळेपर्यंत कुणी हात धुवायचे नाहीत. शेवटी तो श्रीखंडाच्या पातेल्यात सापडला. लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना हा वरबाप मांडवाच्या खांबाखाली बसून नटबोल्ट आवळत होता. भटजी "सावधान" म्हणाले की हे खालून "थांबा" म्हणायचे. मोपेडला लाथ मारण्यापूर्वी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा, टायरला चापट, ब्रेकला चिमटा, मग वाऱ्याची दिशा बघणं. वारा कुठला का असेना, गेवराईचा रस्ता जिथे जातो तिथेच जातो, हे त्यांना सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही.

हे सगळं चाललं असतं. पण गेल्या वर्षी पोळा झाला आणि त्यांना एक फोन आला. लांबच्या एका शहरातला फ्लाइंग क्लब बंद पडला होता आणि तिथल्या शेडमध्ये दोन माणसांचं एक जुनं शिकाऊ विमान धूळ खात उभं होतं. हवाई दलातून मोडीत निघून ते तिकडे गेलेलं. शेपटीवरचा नंबर ऐकल्याबरोबर व्याही उभे राहिले. ते विमान त्यांच्या हातचं होतं. त्याचा एकेक बोल्ट त्यांनी आवळलेला होता. क्लबवाल्यांनी साफ सांगितलं, दिवाळीच्या आत ठरलेली किंमत भरून घेऊन जा, नाहीतर भंगारवाला गॅस कटरने तुकडे करून नेणार आहे. त्या दिवसापासून व्याह्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. सुवर्णा, म्हणजे माझी लेक, सासऱ्यांना मामा म्हणते. ती फोनवर हलक्या आवाजात म्हणाली, "आप्पा, मामा दोन दिस झालं चमचंबी मोजीनात." तेव्हा मला पहिल्यांदा प्रकरण गंभीर असल्याचं कळलं.

मी लगेच तलवाड्याला गेलो आणि भीतभीतच म्हणालो, मी काही हातभार लावतो. व्याह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या टाकीत पाणी ओतलं. "पाव्हणं, लगनात तुमच्याकडनं सुपारीचं खांड घेतलं न्हाई आमी. आता पैसा घेतला तर लोकं काय म्हंतील? इमान हुंड्यात आलं म्हंतील!" बरं, वर्गणी? "भीक न्हाई मागायची. कुणाला काय तर द्यायचं, मंग दाम घ्यायचं." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि त्यांच्या मनात काय आहे ते मी ओळखलं. कारण माझं बीडला टी-शर्ट छपाईचं दुकान आहे.

दुकान तसं साधं. पुढाऱ्यांचे वाढदिवस, गणपती मंडळं, क्रिकेटचे संघ आणि निवडणुका, यावर ते चालतं. वाघ, सिंह, तलवार आणि भाऊंचा हसरा चेहरा एवढं आलं की या धंद्यात माणूस उपाशी मरत नाही. व्याही आले ते पट्टी आणि कंपास घेऊन आले. मी कॉम्प्युटरवरचं एक छान विमान काढून दाखवलं, तर म्हणाले, "ह्ये इमान न्हाई, ह्ये कबुतर हाय." मग पंखांचा कोन, चाकांची उंची, काचेवरच्या पट्ट्या, सगळं त्यांनी मोजून घेतलं. बाह्या पूर्ण पाहिजेत, कारण वर्कशॉपमध्ये उघड्या हाताने कुणी काम करत नाही. कापड जाड पाहिजे. छातीला बटणाचा खिसा पाहिजे. मी म्हणालो, "अहो, मग तो टी-शर्ट कसला? त्याला शर्ट म्हणतात." ते म्हणाले, "कॉलर कुठाय पण?" असला टी-शर्ट भर ऑक्टोबरच्या उन्हात बीड जिल्ह्यात कोण घेणार, हा प्रश्न मी गिळला. छपाईचं बिल विकल्यावर घ्यायचं ठरलं. ते ठरवतानाही मी दोनदा चहा मागवला.

गठ्ठे मोपेडवर बांधून व्याही विकायला निघाले. बाजारात बसून ओरडणं त्यांच्या मानाला शोभणारं नव्हतं, म्हणून त्यांनी ओळखीची घरं धरली. तलवाडा झालं, चकलांबा झालं, गेवराई झाली. रोज रिकाम्या मोपेडवरून परत यायचे आणि सुवर्णा मला कळवायची, "आज बी सगळे खपले." माझा विश्वास बसेना. एका बड्या बागायतदार पुढाऱ्याचा माणूस तर माझ्या दुकानात येऊन बसला. "विमान ही निशाणी कुणाची हाय? तुमचं पाव्हणं उभं ऱ्हातेत का कुणाला पाडतेत?" मी गळ्याची शपथ घेऊन सांगितलं की हे खरंच विमान आहे, निशाणी नाही. तो हसला. त्याला ते पटलं नाही. आमच्याकडे छातीवर चित्र म्हटल्यावर त्याच्या मागे मतपेटी असलीच पाहिजे.

दसरा तोंडावर आला तसा मी हिशेब बघायला तलवाड्याला गेलो. व्याह्यांनी कपाट उघडलं. आत टॉवेल होते. टॉवेलांवर टोप्या, टोप्यांवर उपरणी, त्यावर खण आणि कोपऱ्यात नारळांची रास. पैसा म्हणून एक नव्हता.

काय झालं होतं ते मला क्षणात समजलं. आपल्याकडे वडीलधारा, मानाचा पाहुणा कोऱ्या कपड्याची घडी घेऊन घरी आला तर तो कशासाठी आला असं कुणी विचारतं का? तो आहेर असतो. घरची लक्ष्मी डोक्यावर पदर घेऊन बाहेर येते, घडीला कुंकू लावते, पाया पडते, पाहुण्याला पाटावर बसवते, जेवू घालते आणि निघताना उलट टॉवेल-टोपी देते. घरोघर तेच झालं होतं. व्याही घडी पुढे करून म्हणायचे, "ह्ये इमानासाठी हाय." समोरचा म्हणायचा, "आनंद हाय! कार्य कधी काढलंय?" आणि मग हातात टॉवेल पडायचा.

"अहो, पण तुम्ही पैसे मागायचे नाहीत का?" मी व्याही-मुलीचा बाप वगैरे सगळं विसरून ओरडलो.

"कुकू लावल्यावर?" ते म्हणाले. "कुकू लावल्याल्या कापडाचं पैसं मागू? कावून, इज्जत न्हाई का आमाला?"

मागून आता कुणाकडे पैसे मागणं म्हणजे दिलेला आहेर परत मागणं. त्यापेक्षा चोरी बरी. ते बाजेवर बसून राहिले. आपण काय करून बसलो हे त्यांना माझ्या आधीच कळलेलं होतं, आणि रोज रिकाम्या मोपेडवरून येताना ते त्यांना थोडं थोडं कळत गेलं असणार. या हट्टी माणसाची मला इतके दिवस भीती वाटत होती, त्या दिवशी दया आली. गॅस कटरची निळी ज्योत त्यांना भर दुपारी डोळ्यांपुढे दिसत होती. "पाव्हणं," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "भंगारवाल्याची काय चूक न्हाई. पण ते कापतेत हो. बोल्ट असून कापतेत."

त्याच वेळी दारात ऊसतोडीचा एक मुकादम उभा राहिला. त्याला कारण सुवर्णा. तिने एक टी-शर्ट कापूस वेचायला येणाऱ्या सत्यभामाबाईला दिला होता. सत्यभामाबाईने तो लुगड्यावरून चढवला आणि साऱ्या शिवारात बातमी केली. उसाचं पान हाताला लागलं की पात्यासारखं चिरतं, म्हणून तोडीला जाणाऱ्या बाया नवऱ्याचा जुनापाना शर्ट साडीवर घालतात. इथे तर बाही मनगटापर्यंत, कापड जाड, आणि वर बटणाचा खिसा. "मोबाईल बी बसतोय अन् तंबाखूची पुडी बी," सत्यभामाबाईने सगळ्यांना दाखवलं. टोळी निघायला चारच दिवस होते, आणि टोळीतल्या प्रत्येकीला आता तसलाच पाहिजे होता.

"कितीला देता?" मुकादमाने विचारलं.

इतक्या गावांत, इतक्या घरांत हा प्रश्न त्यांना एकानेही विचारलेला नव्हता. व्याही गोंधळून त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचा हात हळूच कपाटाकडे जायला लागला, आणि मला स्पष्ट दिसलं की हा माणूस आता मुकादमाला टॉवेल देणार. मी मधे पडलो. घाईघाईने भाव सांगितला. मुकादमाने थोडी घासाघीस केली, विसार ठेवला आणि गेला. जाताना एवढंच म्हणाला, "ट्रक फाट्यावर उभा ऱ्हायला की टोळी थांबत न्हाई बरं का."

ते चार दिवस मी जन्मात विसरणार नाही. वीज यायची, जायची. कोरा माल उशिरा आला. आणि सगळ्यात कहर म्हणजे व्याही स्वतः तपासायला माझ्या दुकानात येऊन बसले. छापून झालेला प्रत्येक टी-शर्ट ते खिडकीशी धरायचे. "ह्याचं नाक खाली गेलं. ह्ये पडणार." बाजूला. "ह्याची शेपूट तिरकी हाय." बाजूला. मी हात जोडले, "अहो, ते घालून बाया ऊस तोडणार आहेत, उडणार नाहीत!" ते शांतपणे म्हणाले, "माझी सही हाय का न्हाई ह्याच्यावर?" सही कुठेच नव्हती, पण ते बोलणं मी वाढवलं नाही. बाजूला काढलेले मी त्यांच्या पाठीमागून पुन्हा गठ्ठ्यात सारत होतो आणि ते पुन्हा हुडकून काढत होते.

फाट्यावर पोचलो तेव्हा ट्रकचं इंजिन चालू होतं. भांडी, गोधड्या, कोंबड्या, शेळ्या, लेकरं, सगळं वर चढलेलं. मुकादम शिव्या देत होता. आम्ही गठ्ठे वर फेकले आणि बायांनी उभ्या उभ्याच ते अंगात घातले. ट्रक हलला तेव्हा त्याच्या फाळक्याशी विमानंच विमानं दाटीवाटीने उभी होती. त्यात एकदोन विमानांची नाकं खाली होती. व्याह्यांनी ती बघितली आणि मान दुसरीकडे वळवली.

मुकादमाचे पैसे घेऊन आम्ही तसेच टेम्पोने निघालो. ती किंमत पुरी नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं. पोचलो तर क्लबवाल्यांनी दिवाळीची वाट न बघता विमान भंगारवाल्याला विकलेलं, आणि त्याची माणसं आधीच आलेली. विमानाच्या पोटावर खडूने रेघा मारलेल्या होत्या आणि शेजारी सिलिंडर लावून ठेवले होते. मला वाटलं, आता हे भांडणार. पण व्याही विमानाजवळ गेले, त्याच्या अंगावर हात ठेवून उभे राहिले आणि मग भंगारवाल्याकडे वळून म्हणाले, "कापू नका. जसं जोडलंय तसं मी खोलून देतो. पंख तुमी न्या, इंजिन तुमी न्या. मधलं धड आमाला द्या. जे हाय ते दाम घ्या."

भंगारवाला वयाने त्यांच्याच जोडीचा होता. त्याने घड्याळ बघितलं, सिलिंडर बघितले, व्याह्यांचे हात बघितले. "अंधार पडायच्या आत," तो म्हणाला. व्याही कामाला लागले. गंजलेला एकेक बोल्ट ते तेल पाजून, थोपटून, कधी कानाशी लागून बोलल्यासारखं करून काढत होते. ऊन कलायला लागलं तसा माझा जीव वरखाली. एक बोल्ट हटता हटेना. भंगारवाल्याच्या माणसाने कटर हातात घेतला, तेव्हा मालकानेच त्याला खाली ठेवायला लावला आणि स्वतः पान्याचं दुसरं टोक धरलं. दोघा म्हाताऱ्यांनी दात-ओठ खाऊन जोर लावला आणि तो बोल्ट सुटला. परत येताना व्याही पुढे माझ्याजवळ बसले नाहीत. मागे, त्या बिनपंखांच्या धडाजवळ बसून आले.

ते धड आता शेडमध्ये लाकडी घोडीवर उभं आहे. सुवर्णाने ते पुसून लख्ख ठेवलं आहे. बघायला माणसं येतात, पण आत बसायची कुणाला परवानगी नाही. तो बडा बागायतदार पुढारी स्वतः आला होता, आत बसून एक फोटो काढू द्या, शेडवर स्लॅब टाकून देतो म्हणाला. व्याह्यांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. मी कपाळाला हात लावला.

हंगाम संपून टोळी परत आली ती पाडव्याच्या आधी. मी तेव्हा तलवाड्यालाच होतो. सत्यभामाबाई दारात आली. अंगात तोच टी-शर्ट, कोपरावर ठिगळं, बाह्यांवर उसाच्या पानांचे बारीक चिरे, आणि छातीवरचं विमान उडून उडून नुसती शेपूट राहिलेली. तिने शेडमध्ये डोकावून बराच वेळ बघितलं. "मामा, ह्येच का ते? समदा हंगाम अंगावर वागवलं, म्हनलं एकदा बघावं तरी." मग थोडं लाजत म्हणाली, "बसू का मी आत?"

मी मान खाली घातली. नकार कसा येतो ते मला पाठ होतं. पण व्याही शिडी घेऊन आले. ती लावली, दोन्ही हातांनी धरली, सत्यभामाबाईला वर चढवलं, मागोमाग स्वतः चढून, वाकून तिच्या खांद्यांवरून पट्टे ओढून बांधले, हलवून बघितले. खाली उतरून शिडी काढून घेतली आणि ती हातात धरून चार पावलं मागे उभे राहिले. ताठ. ती आत बसून काचेतून पत्र्याकडे बघत होती आणि हे तिच्याकडे. अंगणात पीठ मळणाऱ्या विहीणबाई परातीत हात तसाच ठेवून थांबल्या.

बऱ्याच वेळाने सत्यभामाबाई म्हणाली, "उतरू का, मामा?"

ते लगबगीने पुढे झाले, शिडी लावली, पट्टे सोडले, हात दिला. तिचे पाय जमिनीला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, "आलात?"

"आले की," ती हसून म्हणाली.

ती विहीणबाईंकडे चहाला गेली. व्याही शिडी धरून तिथेच उभे होते. "पाव्हणं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "समदी परत यायची. आमी पट्टं बांधून वर धाडल्याली समदी. एक पोरगं तेवढं आलं न्हाई. अंधार पडूस्तोर शिडी घेऊन उभा ऱ्हायलतो मी. साहेब म्हनले, जा आता. कसं जावं?"

या माणसाला मी इतकी वर्षं नुसता हसत आलो. मी शिडीचं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघांनी ती नेऊन भिंतीशी उभी केली.